डाव्या हाताची प्रदक्षिणा

गणिताला कोणाच्याही सहीशिक्क्याची गरज नसते. जे सत्य आहे ते नागपुरात सत्य असतं आणि उत्तर ध्रुवावरही सत्यच असतं. हे वाक्य मी सोळा वर्षं दर गणित दिनाला शाळेच्या मैदानावर उभं राहून म्हणत आले. मुलं जोरात टाळ्या वाजवायची, कारण माझं भाषण शेवटचं असायचं आणि त्यानंतर शाळा सुटायची. पुढे नवरा, लेक आणि मी कॅनडात हॅलिफॅक्सला आलो. हॅलिफॅक्स नागपूर आणि उत्तर ध्रुव यांच्या मध्ये कुठेतरी येतं, आणि तिथे सहीशिक्का लागतो.

इथल्या शाळेत शिकवायचं तर परवाना लागतो. त्यासाठी मी माझी बी.एस्सी.ची, बी.एड.ची आणि सोळा वर्षांच्या नोकरीची कागदपत्रं पाठवली. काही महिन्यांनी उत्तर आलं. पत्र अत्यंत सभ्य होतं. बाकी सगळं ठीक आहे, पण गुणपत्रिकेवर ‘मॅथेमॅटिक्स पेपर थ्री’ असं जे छापलं आहे त्यात नेमकं काय शिकवलं होतं हे ठरवता येत नाही. तेव्हा एकतर त्या वर्षीचा अभ्यासक्रम पाठवा, नाहीतर इथल्या एखाद्या विद्यापीठातून मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा कोर्स करून किमान ‘बी’ श्रेणी मिळवा. फाइल जूनअखेरपर्यंत उघडी राहील. त्यानंतर सगळं पहिल्यापासून.

मी नागपूरला माझ्या कॉलेजात फोन लावला. तिथल्या क्लार्कने शांतपणे ऐकून घेतलं. त्या वर्षीची अभ्यासक्रमाची पुस्तिका ज्या कपाटात असायला हवी ते कपाटच बदललं होतं. मग त्याने विचारलं, “मॅडम, पास झाल्या होत्या ना तुम्ही? मग आता काय प्रॉब्लेम आहे?” खरं सांगायचं तर पेपर थ्रीमध्ये काय होतं ते मलाही सांगता आलं नसतं. मला आठवत होतं ते गाइडचं पिवळं मुखपृष्ठ.

त्या वेळी मी एका प्राथमिक शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करत होते. थर्मासची झाकणं उघडून द्यायची, स्नोपँट घातल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही ना ते पाहायचं. एकदा एक मुलगी वजाबाकीशी झगडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून हातचा कसा घ्यायचा ते दाखवायला लागले. तिच्या वर्गशिक्षिका आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या की हे राहू दे, शिकवणं तुमच्या कामात बसत नाही. त्यांचं नियमाने बरोबर होतं. मी उठले आणि झाकणं उघडायला गेले. त्याच आठवड्यात मी विद्यापीठात अप्लाय केलं. वय सत्तेचाळीस. विद्यापीठाने मला ‘मॅच्युअर स्टुडंट’ या गटात टाकलं आणि एक पेन भेट दिलं.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादी गोष्ट एकाच कारणाने बदलत असेल तर ती कशी बदलते ते साधं कॅल्क्युलस सांगतं. पण आमच्या बेसमेंटमधलं तापमान घ्या. ते खिडकीपासून किती लांब, जमिनीपासून किती उंच आणि हीटरच्या किती जवळ या तिन्हींवर एकदम अवलंबून असतं. अशा गोष्टींचा हिशोब म्हणजे मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. यात नवीन काही नाही. आयुष्यात एकाच कारणाने बदलणारी गोष्ट मी अजून पाहिलेली नाही. नवीन असतात ती फक्त चिन्हं.

जानेवारीत कोर्सच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळे गप्प झाले. काहींनी फोन खिशात ठेवले. मी दुसऱ्या रांगेत जाऊन बसले तेव्हा त्यांची थोडी निराशा झाली असावी. खरे प्राध्यापक पाच मिनिटांनी आले. साठीचे, बारीक, पायात डोंगर चढायचे बूट. त्यांनी आधी बुटाचा बर्फ झटकला आणि मग सांगितलं की मला नावाने हाक मारा. हे मला जमणार नव्हतं. माझ्या तोंडून ‘सर’च निघणार, आणि ते इथे पोलिसाशी बोलल्यासारखं वाटतं. म्हणून पुढचे तीन महिने मी त्यांना कुठलीच हाक मारली नाही. बोलायचं असलं की खोकायचे. सत्राच्या शेवटी ते काळजीने विचारायला लागले होते की खोकला बरा आहे का.

पहिली अडचण एका शब्दाची झाली. या कॅल्क्युलसमध्ये गोल शेपटीचा तो उलटा सहा असतो ना, त्याला आमच्याकडे नागपुरात ‘डेल’ म्हणायचे. ‘डेल एफ बाय डेल एक्स.’ मी एकदा प्राध्यापकांच्या खोलीत शंका विचारायला गेले आणि आत्मविश्वासाने डेल, डेल करत राहिले. ते फळ्यावर मी सांगत होते तसं लिहीत होते, आणि लिहिताना त्यांचा चेहरा पडत चालला होता. कारण इथे डेल म्हणजे उलटा त्रिकोण, ते वेगळंच चिन्ह. उलट्या सहाला इथे ‘पार्शल’ म्हणतात. दहा मिनिटं आम्ही दोघंही बरोबर बोलत होतो आणि फळ्यावर जे तयार झालं होतं त्याला जगात कुठेच अर्थ नव्हता. शेवटी त्यांनी खडू माझ्या हातात दिला. हातात खडू आल्यावर सगळं सोपं झालं.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी केप ब्रेटन या बेटावरची होती. एकोणीस वर्षांची, वडील लॉबस्टर पकडतात, हिला इंजिनिअर व्हायचंय. ती मला नावानेच हाक मारायची. उच्चार चुकायचा, पण हाक बरोबर पोचायची. तिला बीजगणित यायचं नाही आणि मला आकृती दिसायची नाही. तीन मितींतलं काहीही तिच्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहायचं, दोरखंड आणि जाळ्यांमध्ये वाढल्यामुळे असेल. मी तिची समीकरणं सोडवून द्यायचे, ती मला पृष्ठभाग हाताने हवेत काढून दाखवायची. फेब्रुवारीतल्या पहिल्या चाचणीत मला अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. घरी मी ते सहज म्हणून सांगितलं, जेवताना दोनदा.

फेब्रुवारी संपता संपता आम्ही वक्ररेषांवरून चालायला लागलो. या भागाचं मुख्य प्रमेय मोठं सुंदर आहे. एखाद्या क्षेत्राच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली आणि वाटेतल्या सगळ्याची नीट बेरीज केली, तर आत पाय न ठेवता आत काय चाललंय ते कळतं. कॉलनीत राहिलेल्या कोणाही बाईला हे पटायला सिद्धता लागणार नाही. मात्र फेरीला दिशा असते. एका दिशेने फिरलं तर उत्तर धन, उलट्या दिशेने फिरलं तर तेच उत्तर ऋण. धन दिशा कोणती हे सांगताना प्राध्यापक स्वतः टेबलाभोवती चालून दाखवायला लागले. चालताना क्षेत्र कायम डाव्या हाताला राहिलं पाहिजे, असं म्हणत त्यांनी डाव्या हाताने टेबल थोपटत दोन फेऱ्या मारल्या. वर्ग हसला. मीही हसले आणि वहीत लिहून घेतलं.

मी टिपणं मराठीत काढायचे. इंग्रजीत ऐकायचं आणि मराठीत लिहायचं, म्हणजे ऐकलेलं एकदा डोक्यातून जातं अशी माझी समजूत होती. मुलांनाही मी हेच सांगायचे.

मार्चच्या मध्यात दुसरी चाचणी झाली. पाच प्रश्न होते, त्यांपैकी तीन बंद वाटेवरून फेरी मारण्याचे. मी अर्धा तास आधीच संपवून दोनदा तपासलं. पेपर परत मिळाला तेव्हा वर चौपन्न लिहिलं होतं. तिन्ही फेऱ्यांच्या उत्तरांवर लाल गोल, गोलाला बाण, आणि एकच शब्द: दिशा. आकडे तिन्ही ठिकाणी बरोबर होते. फक्त समोर उणे होतं.

मी बसल्या बसल्या गणित केलं. ‘बी’ मिळवायची तर अंतिम परीक्षेत आता शंभरपैकी सत्तर तरी हवे होते. त्या परीक्षेचा निम्म्याहून जास्त भाग फेऱ्यांवर असणार होता. आणि आपण चुकलो कुठे हेच मला समजत नव्हतं. न समजलेली चूक माणूस पुन्हा करतो, तीही जास्त नीटनेटकी.

प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन मी खोकले. त्यांनी पेपर पाहिला. “एखाद्या वेळी दिशा सगळेच चुकतात,” ते म्हणाले. “पण तिन्ही वेळा, इतक्या शिस्तीत, उलटं जाणारी वर्गात तुम्ही एकट्याच. हे तुम्ही कुठेतरी शिकला आहात. कुठे?”

“भारतात,” मी म्हटलं. आरोप सगळ्या देशावर गेला, पण दुसरं काही सुचलं नाही.

गुण वाढवून मागायला मी गेले नव्हते. त्यांनी चुकीच्या चिन्हालाही थोडेफार गुण दिले होते. मी असते तर शून्य दिलं असतं. चिन्ह चुकलं की सगळं चुकलं, हे सोळा वर्षांत मी किती वह्यांवर लिहिलं असेल.

चूक सापडली ती वर्गातल्या शेजारणीला. ग्रंथालयात ती माझी वही उलटसुलट करून बघत होती. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, म्हणून ती फक्त आकृत्या बघत होती. एका पानावर तिने बोट ठेवलं. वाटोळं क्षेत्र, कडेला चालणारी काडीची बाई, आणि बाईचा पुढे केलेला हात. “हिचा हात चुकीचा आहे,” ती म्हणाली.

मी खालचं वाक्य वाचलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘धन प्रदक्षिणा: क्षेत्र उजव्या हाताला ठेवून चालणे.’

प्राध्यापक डावा म्हणाले होते. डाव्या हाताने त्यांनी टेबल बडवलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्या फेरीला मराठीत काय म्हणायचं म्हणून मी प्रदक्षिणा हा शब्द घेतला, आणि त्या शब्दाने आपल्या पसंतीचा हात सोबत आणला. दक्षिण म्हणजे उजवा. देव उजव्या हाताला राहतो तीच प्रदक्षिणा. वाक्याचा उरलेला भाग मी लिहिलाच नव्हता, शब्दाने तो आपणहून लिहून टाकला होता. कोन मोजायचा तो घड्याळाच्या उलट दिशेने धन, हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण कोन मोजणं वेगळं आणि कशाभोवती तरी चालणं वेगळं. चालायला लागले की मी कोनात नव्हते, देवळात होते. गंमत म्हणजे मी देवळात फारशी जात नाही. मी नाही गेले तरी देऊळ माझ्याकडे येत राहिलं असावं.

शेजारणीला हे सगळं सांगावं लागलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. उजवाच हात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते फार वेळ बोलतात. मग मी म्हटलं की याला एक अपवाद आहे. शंकराच्या देवळात पूर्ण फेरी मारत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर वाहतं ती पन्हळ ओलांडायची नसते. पन्हळीच्या एका काठापासून निघायचं, दुसऱ्या काठापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत यायचं.

तिने टेबलावर बोट तसंच फिरवून परत आणलं. “म्हणजे उत्तर शून्य,” ती म्हणाली.

बरोबर होतं. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत आलात की सगळं कटतं. आणि मग मला आठवलं की आठवड्यापूर्वीच प्राध्यापकांनी एक विचित्र उदाहरण दिलं होतं. मोरीच्या भोकाभोवती पाणी फिरतं तसं एक वाहतं क्षेत्र. भोकाभोवती पूर्ण फेरी मारली की दर फेरीला दोन पाय, म्हणजे 2π, एवढं उत्तर साठत जातं. (मराठीत हे वाचलं की फेरी मारायला दोन पाय लागतात एवढंच सिद्ध होतं.) ते साठू नये असं वाटत असेल तर भोकापासून बाहेरपर्यंत एक भिंत घालायची, म्हणजे कोणाला पूर्ण फेरी मारताच येणार नाही. भिंत म्हणजे पन्हळच. आम्ही दोघी त्यावर हसलो. पूर्वजांना हे माहीत होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांना बहुधा पाय ओले करायचे नसावेत.

कारण सापडलं म्हणून सवय गेली नाही. घरी सरावाला बसले की पेन्सिल पहिली उजवीकडे वळायची, मग मी तिला ओढून आणायचे, आणि त्या ओढाताणीत कधीकधी दोनदा उलटं करून पुन्हा चुकीच्या दिशेला पोचायचे. फळ्यावर डावं-उजवं कळणं आणि चालताना कळणं यांत बराच फरक आहे.

त्याच सुमारास माझी लेक गाडी शिकत होती. बारावीत होती, शिकाऊ परवाना मिळाला होता, आणि शेजारच्या सीटवर मोठं माणूस लागतं म्हणून मी बसायचे. आमच्या वाटेवर एक मोठं वाहतुकीचं वर्तुळ आहे, इथले जुने लोक त्याला रोटरी म्हणतात. एका रविवारी तिला त्यातून बाहेर पडायची गल्ली सापडेना. डावीकडे मधलं बेट, उजवीकडे गाड्या. पहिली फेरी झाली. “सॉरी आई, वन मोर राउंड,” ती म्हणाली. दुसऱ्या फेरीत मी तिच्या पलीकडे, तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या बेटाकडे बघत होते. बेट डाव्या हाताला होतं. नागपुरातल्या चौकात ते कायम उजव्या हाताला असायचं, कारण तिथे आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. म्हणजे तिथे मी देवळातही उलटी फिरत होते आणि चौकातही. इथे मात्र बसने विद्यापीठात जाता-येता रोज दोनदा मी धन दिशेने फिरत आले होते, मोबाइलमध्ये बघत.

मी तिला आणखी एक फेरी मारायला सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं. “आर यू ओके?” मी म्हटलं, तू चालव. तिसऱ्या फेरीनंतर मात्र ती स्वतःच बाहेर पडली आणि बाजूला गाडी थांबवून म्हणाली की मागच्या गाडीतला माणूस आपल्याला ओळखायला लागला होता. त्या दिवसापासून पेन्सिल हातात घेतली की मी आधी मनातल्या मनात गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे. बेट डावीकडे. मग निघायचं.

हे सगळं मी एका संध्याकाळी नवऱ्याला सांगत होते, पन्हळीसकट. दुर्दैवाने त्या वेळी आमच्याकडे मराठी मंडळाचे अध्यक्ष पोहे खात बसले होते. ते पुण्याचे, एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, आणि त्यांना कार्यक्रमांची फार आवड. दिवाळी, संक्रांत, पाडवा यांत जी रिकामी जागा उरते ती ते सत्कारांनी भरतात. पाडव्याच्या कार्यक्रमाची यादी घेऊनच ते आले होते. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मला पन्हळीचं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. ती माझी चूक.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की पाडव्याला तुमचा सत्कार ठरला आहे. मी सांगितलं की मी अजून पास झालेली नाही, किंबहुना मागच्या चाचणीत चौपन्न पडले आहेत आणि परीक्षा पाडव्यानंतर आहे. ते जराही विचलित झाले नाहीत.

“वहिनी, निकालाचा सत्कार कोणीही करतो,” ते म्हणाले. “आपण जिद्दीचा करतो.”

मी फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे बघितलं. तो रुग्णालयाच्या संगणक विभागात काम करतो, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि घरी शक्यतो कशालाच नाही म्हणत नाही. “करून घे नं,” तो म्हणाला. “नारळ तर भेटन.”

नापास झाले तर काय, हा प्रश्न तोवर माझा एकटीचा होता. आता तो साठ-सत्तर लोकांचा होणार होता.

पाडवा एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये झाला. गुढी खिडकीऐवजी माइकच्या स्टँडला बांधली होती, कारण खिडकी उघडली तर बर्फ आत येत होता. अध्यक्षांनी जरीची पगडी घातली होती. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की ज्या काळी पश्चिमेला अंकही नीट येत नव्हते त्या काळी आपल्या पूर्वजांनी शिवमंदिराच्या पन्हळीत उच्च गणिताचा सिद्धांत बांधून ठेवला, आणि आज आपल्या एका भगिनीने इथल्या विद्यापीठात, गोऱ्या प्राध्यापकांसमोर, तो सिद्ध करून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी माइककडे बघितलं. माइकला गुढी होती, आणि गुढीशेजारी उभं राहून हे सगळं खोटं आहे असं मला सांगता आलं नसतं.

मला शाल दिली, नारळ दिला. मग एका नव्या सुनेने औक्षण केलं. तबक माझ्याभोवती तीनदा फिरलं, रीतीप्रमाणे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. लेक पहिल्या रांगेत बसली होती. गेले दोन आठवडे तिने घरात दुसरं काही ऐकलं नव्हतं. मी खाली उतरून तिच्या शेजारी बसले तशी ती फोनमधून डोकं न काढता हळूच म्हणाली, “मायनस सिक्स पाय, आई.”

जेवणाच्या रांगेत बऱ्याच जणांनी अभिनंदन केलं. एका आजींनी विचारलं की संशोधन छापून कधी येणार. फक्त एक तरुण, नुकताच नोकरीला लागलेला, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन माझ्याजवळ आला आणि संकोचाने म्हणाला, “काकू, पण देवळात असं वाहतं क्षेत्र कुठलं? म्हणजे बेरीज नेमकी कशाची करायची?” संध्याकाळभरातला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. मी त्याला खरं ते सांगितलं, की सिद्धांत वगैरे काही नाही, एक विनोद होता, तो पोह्यांवर पडला. त्याने मान डोलावली आणि रांगेत पुढे गेला. नारळ घरी फोडला तेव्हा आतून चांगला निघाला. इथल्या इंडियन ग्रोसरीत दोनातला एक खराब असतो.

पुढचे तीन आठवडे मी फेऱ्या मारल्या. वर्तुळावरून, चौकोनावरून, पाकळ्यांवरून, अर्ध्या चंद्रावरून. जेवणाच्या सुट्टीत मुलं मैदानावर पकडापकडी खेळायची तेव्हा मी त्यांची दिशा बघायचे. शेजारीण रोज एकामागून एक आकृत्या काढायची आणि मी गणित न सोडवता नुसता बाण काढून द्यायचे. तिची अट होती की मी सलग पन्नास बाण बरोबर काढायचे. सदतिसाव्याला मी चुकले आणि तिने पहिल्यापासून मोजायला लावलं. ती चांगली शिक्षिका होईल, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली की तिला चांगल्या पगाराची नोकरी हवी आहे.

परीक्षा व्यायामशाळेत होती. बास्केटबॉलच्या जाळ्याखाली माझं टेबल आलं. पहिले पाच प्रश्न ठीक गेले. सहावा सगळ्यांत जास्त गुणांचा होता, आणि त्यात क्षेत्र होतं कंकणासारखं: बाहेर एक मोठं वर्तुळ, आत एक भोक. अशा क्षेत्राला दोन कडा असतात आणि दोन्हींवरून फिरावं लागतं. बाहेरची मी गाडीत बसून केली. कंकण डावीकडे, बाण घड्याळाच्या उलट. मग आतल्या कडेवर आले. इथेही कंकण डावीकडे हवं, म्हणजे भोक उजवीकडे येतं. आणि भोक उजव्या हाताला ठेवून चालायचं तर दिशा होते घड्याळाच्या काट्यांची.

इथे मी थांबले. माझी पेन्सिल पहिल्यापासून त्याच दिशेला निघाली होती, आणि तीन आठवड्यांत मी एवढंच शिकले होते की माझी पेन्सिल जिकडे निघते तिकडे जायचं नाही. मी मनात त्या कडेवर उभी राहिले. डावा हात पुढे केला, कंकण. उजवा हात पुढे केला, भोक. पुन्हा केलं. पलीकडच्या टेबलावरचा विद्यार्थी माझ्याकडे बघायला लागला. तिसऱ्यांदाही तेच आलं. हात चुकत नव्हते. आतल्या कडेपुरती प्रदक्षिणा बरोबर होती. मी बाण काढला आणि पुढे गेले. तपासायला वेळ उरला होता, पण मी तपासलं नाही. तपासलं असतं तर मी तो बाण बदलला असता.

निकाल एप्रिलच्या शेवटी ईमेलने आला. मी तेव्हा शाळेत होते, एका हातात कोणाचा तरी थर्मास. ‘बी’ होती. पुढे अधिक नाही, उणेही नाही. मी थर्मासचं झाकण उघडून दिलं आणि नवऱ्याला मेसेज केला. त्याने उलट विचारलं की आता अध्यक्षांना कळवायचं का. मी म्हटलं, त्यांना माहीत आहे.

गुणपत्रक मी मे महिन्यात पाठवलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं, पहिल्याइतकंच सभ्य. फाइल पूर्ण झाली आहे, परवाना सोबत जोडला आहे. ‘मॅथेमॅटिक्स पेपर थ्री’मध्ये काय होतं ते अजूनही ठरवता आलेलं नाही, पण आता त्याची आवश्यकता उरलेली नाही.

सप्टेंबरमध्ये मला एका शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून नोकरी मिळाली. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अध्यक्षांनी लिहिलं की आपल्या भगिनीने उच्च गणिताची पताका फडकवली. मला सातवीचे दोन वर्ग दिले आहेत. सातवीच्या अभ्यासक्रमात चल, म्हणजे ‘क्ष’, एकच आहे, आणि तेही मार्चमध्ये येतं.